बाप जिवंत असतांना

मराठी वाङ्मयांत आईचें ऋण मानणारीं पुस्तकें इतकीं झालीं आहेत कीं, एखाद्या परक्या माणसानें केवळ तींच वाचून आमच्या समाजाविषयीं मत बनवावयाचें ठरविलें, तर मराठी मुलांना बाप असतो किंवा नाहीं याविषयींच त्यास शंका यावी. या ऋणांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा वांटा मोठा आहे. साने गुरुजी पालगडचे. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली आणि वीस वर्षांनीं, १९५३ सालीं, आचार्य अत्रे यांनीं तिचा बोलपट केला. त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. पुस्तकानें आणि बोलपटानें महाराष्ट्राला रडविलें तें आईसाठीं. श्यामचे वडीलही त्यांत आहेत. पण वाचकाच्या आठवणींत ते ओटीवरच बसलेले असतात, आणि आंत स्वयंपाकघरांत जी गोष्ट चालली आहे तिच्यांत त्यांना कोणी हांक मारीत नाहीं.

अलीकडे मात्र चित्रपटकारांचें लक्ष या ओटीवरच्या माणसाकडे गेलेलें दिसतें. २०१६ सालच्या नोव्हेंबरांत राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ आला आणि त्याबद्दल दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. पुढल्याच वर्षीं निपुण धर्माधिकारी यांचा ‘बापजन्म’ आला. दोहोंचा विषय एकच: मुलांना दुरावलेला बाप आणि उशिरां झालेली दिलजमाई. हे चित्रपट आम्हीं सावर्ड्यास, घरीं, दूरचित्रवाणीवर, वाडींतल्या चार मंडळींसह पाहिले. चित्रपट बहुधा पुण्यामुंबईच्या प्रेक्षकासाठीं केलेला असतो. तो ज्यांच्याविषयीं आहे त्यांच्या शेजारीं बसून पाहिला म्हणजे त्याचा रंग थोडा पालटतो, एवढ्यासाठींच हें सांगितलें.

‘व्हेंटिलेटर’ची कथा सांगावयास सोपी आहे. गणपति चार दिवसांवर आले असतां कामेरकरांच्या घरचे गजूकाका मुंबईच्या इस्पितळांत कृत्रिम श्वासावर पडतात, आणि कोंकणांतून सारें गोत त्यांना पाहावयास लोटतें. काकांचें कसें होईल ही चिंता प्रत्येकाला आहे; पण तिच्या खालीं दुसरी एक चिंता आहे, ती अशी कीं, काका नेमके या चार दिवसांत गेले तर सुतक येईल, आणि मग घरच्या गणपतीचें काय करावयाचें? शहरांतल्या प्रेक्षकांना यांत मोठा विनोद वाटला म्हणतात. आमच्या ओटीवर या प्रसंगीं हंसूं कमी आणि चर्चा अधिक झाली. दोघा वडीलधाऱ्यांनीं तर चित्रपट चालू असतांनाच, दहा दिवसांचें सुतक कोणाकोणाला लागतें आणि कोणाला तीनच दिवस धरतां येतील, याचा निर्णयही करून टाकला! इतक्या ओळखीच्या माणसांची गर्दी आम्हीं मराठी पडद्यावर फार दिवसांनीं पाहिली.

या गर्दींत दोन बाप आणि दोन मुलगे आहेत. गजूकाकांचा मुलगा प्रसन्न हा राजकारणांत वावरणारा, तोंडाळ, बापावर मनांतून रुसलेला. जितेंद्र जोशी यांनीं हें काम केलें आहे आणि तें विसरतां येत नाहीं. दुसरा राजा, चित्रपट काढणारा, नांवारूपास आलेला. त्याचे वडील सतीश आळेकर झाले आहेत. त्यांच्यांत भांडण असें नाहीं, पण बोलणेंही नाहीं. आमच्याकडच्या बापलेकांत जी नेहमींची स्थिति असते तीच. प्रसन्नाची गोष्ट उघडच हृदयाला हात घालते. बाप जोंवर बोलत होता तोंवर मुलाला त्याच्याशीं बोलावेंसें वाटलें नाहीं. बाप बोलेनासा झाला तेव्हां मुलाच्या मनाला वाचा फुटली. श्वास चालूं ठेवावयाचा कीं थांबवावयाचा हें ठरविण्याची वेळ त्याच मुलावर येते. मापुसकरांची खुबी अशी कीं, त्यांनीं बापाला निर्दोष ठरविण्याची घाई केलेली नाहीं. नातेवाईकांच्या बोलण्यांतून तो हळूहळू कळत जातो, आणि जेवढा कळतो तेवढाच.

‘बापजन्म’चें तसें नाहीं. त्यांतील भास्कर पंडित हा गृहस्थ एकटा, शिस्तीचा, नोकर आणि कुत्रा यांच्या सोबतीनें राहणारा आहे. त्याला असाध्य आजार जडतो. मुलें कधींच दूर गेलीं आहेत, बोलावून येतील अशी आशा नाहीं. तेव्हां तो युक्ति करतो; स्वतः मेल्याचें सोंग करतो, मुलें अंत्यविधीला येतात, आणि हा आडून त्यांना पाहतो. सचिन खेडेकरांसारखा नट नसता तर ही कल्पना फार्साच्या पलीकडे गेली नसती. त्यांनीं तिला माणसाचें वजन दिलें आहे. तथापि एका गोष्टीला आमचा आक्षेप आहे. हा बाप मुलांच्या बाळपणीं घरांत नव्हता याचें कारण शेवटीं असें निघतें कीं, तो देशाच्या गुप्तहेर खात्यांत होता! म्हणजे मुलांनीं जी उपेक्षा समजली ती देशसेवा ठरते, आणि क्षमा करण्याचें कांहीं कारणच उरत नाहीं. हें वकिली समर्थन झालें. ज्याच्या दूर राहण्यामागें असलें उज्ज्वल गुपित नाहीं, जो केवळ पोटासाठीं दूर राहिला, किंवा पोटासाठीं गेला आणि मग तिकडेच त्याला बरें वाटूं लागलें, त्या बापानें काय करावें?

याहून मोठी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती दोन्ही चित्रपट एकाशेजारीं एक ठेवल्यावर. एका बापाला मुलगा जवळ करतो तो बाप मरणाच्या दारीं असतांना. दुसऱ्याला मुलांस पाहतां येतें तें मेल्याचें सोंग घेऊन. मग मागचे बोलपट आठवूं लागलों. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ सालचा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर शांतारामबापूंनीं काढलेला. तो जरठविवाहावरचा बोलपट म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा शेवट पाहावा. केशवराव दाते यांनीं उभे केलेले काकासाहेब, मुलीच्या वयाच्या नीरेशीं लग्न करून बसलेले, अखेरीस तिला मुलगी मानावयास तयार होतात. नवरा बाप होतो! मराठी पडद्यावर पश्चात्तापाचें इतकें मोठें स्थित्यंतर त्यापूर्वीं झालें नसावें. आणि तें होतांच काकासाहेब पत्र लिहून ठेवून जगाचा निरोप घेतात. बापपणाचा पहिला दिवस तोच शेवटचा. रंगभूमीकडे वळावें तर १९१९ सालच्या ‘एकच प्याल्या’तला सुधाकर आहेच, स्वतःच्या घराची राखरांगोळी केल्यावर त्याला शुद्धि येते ती विषाच्या प्याल्यापाशीं. (‘नटसम्राट’ आम्हीं मुद्दाम बाजूस ठेवतों. तेथें खतावणी उलटी आहे. देणें मुलांकडे निघतें.)

मरण न आणतां बापाला क्षमा करणें आमच्या लेखकांना इतकें अवघड कां जावें? नाट्याला शेवट लागतो हें एक उत्तर झालें, आणि तें खोटें नाहीं. पण आमच्या मतें दुसरें कारण आमच्या घरांत आहे. मेलेला बाप सोयीचा असतो. तो उलट बोलत नाहीं, पेन्शनीचा किंवा जमिनीच्या हिश्शाचा विषय काढीत नाहीं, जेवतांना मिटक्या मारीत नाहीं. दहाव्या दिवशीं कावळा पिंडाला शिवेनासा झाला म्हणजे जो मुलगा वीस वर्षांत बापापुढें कधीं नमला नाहीं तो नदीकांठीं सर्वांसमक्ष हात जोडतो आणि ‘धाकट्याला सांभाळीन, आईला अंतर देणार नाहीं’ असें मोठ्यानें कबूल करतो. तें ऐकावयास बाप तेथें नसतो म्हणूनच तें बोलतां येतें. आमच्या चित्रपटांनीं हा पिंडापुढचा कबुलीजबाबच उचलून पडद्यावर नेला आहे.

आतां हा प्रश्न आमच्या भागांत निव्वळ कलेचा कां नाहीं, तें सांगितलें पाहिजे. चिपळूण आणि संगमेश्वर यांच्या मध्यें, मुंबई-गोवा महामार्गावर आमचें सावर्डें आहे. गोविंदराव निकमांनीं येथें सह्याद्रि शिक्षण संस्था वाढविली. चित्र-शिल्प शिकविणारी कलाशाळाही येथें आहे. लागूनच डेरवणास मोठें रुग्णालय आहे. आणि १९९८ पासून कोंकण रेल्वे थेट मुंबई-गोव्यास धांवते. आज येथला मुलगा शिकावयास किंवा औषधपाण्यास मुंबई गांठीलच असें नाहीं. पण पूर्वींच्या दोन-तीन पिढ्यांत भात पिकविणाऱ्या घरांतला कर्ता पुरुष बहुशः मुंबईंत असे. गिरणगांवांतल्या एका खोलींत वीस-वीस माणसें पाळीपाळीनें झोपत, खानावळींत जेवत, आणि महिन्याच्या ठराविक सुमारास गांवीं मनिऑर्डर येई. मुलांना बाप माहीत होता तो त्या मनिऑर्डरीच्या कुपनावर. ‘सर्वांनी प्रकृतीस जपणें, मुलांनीं अभ्यास करणें’ एवढाच त्याचा आवाज. १८८० सालीं सुरू झालेली ती मनिऑर्डर टपालखात्यानें २०१५ सालीं बंद केली. कोंकणच्या बापांचा इतिहास कोणाला लिहावयाचा असेल तर त्याला निम्मीं साधनें त्या कुपनांत सांपडलीं असतीं. पण तीं कोणी जपून ठेवलीं नाहींत.

हे बाप परत आले ते एकदम आणि अवेळीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना पुन्हां आंत जातां आलेंच नाहीं. त्या संपाचें राजकारण आणि अर्थकारण पुष्कळांनीं लिहिलें आहे. त्याच्या एका परिणामाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. वर्षाकांठीं गणपतीला किंवा शिमग्याला आठ दिवस येणारा पाहुणा बारा महिने घरांत राहूं लागला.

आमच्या वाडींत असे एक गृहस्थ आहेत; सारे त्यांना तात्या म्हणतात. सोळाव्या वर्षीं गिरणींत गेले, आणि संप फसल्यावर, दीड-दोन वर्षें वाट पाहून, चाळिशीच्या उंबरठ्यावर घरीं आले. मोठा मुलगा तेव्हां तेराचौदा वर्षांचा. बाप आला म्हणजे बिस्किटांचा पुडा आणि नवा सदरा येतो आणि नवव्या दिवशीं रात्रीच्या एस. टी. नें बाप जातो, असा त्याचा अनुभव. पंधरवडा उलटला तरी बाप जाईना, तेव्हां त्यानें आईला विचारलें, “हे किती दिवस राहणार आहेत?” तें तात्यांनीं पडवींतून ऐकलें. ही हकीकत आम्हांला स्वतः तात्यांनींच सांगितली, आणि सांगतांना ते हंसत होते. पण मुलाचे शब्द त्यांच्या लक्षांत चाळीस वर्षें राहिले आहेत. घरांत त्यांची जागा नव्हती, म्हणजे कोणी दुष्टपणानें काढून घेतली होती असें नव्हे. कोणत्या दळ्यांत कोणतें भात लावावयाचें, दूध कोणाला घालावयाचें, मुलाला कोणत्या शाळेंत ठेवावयाचें, हें सर्व त्यांच्यावांचून ठरत आलें होतें आणि ठीक चाललें होतें. त्यांनीं बापाचा अधिकार गाजवून पाहिला. दोन वर्षें घरांत नुसता आरडाओरडा होता. मग ते गप्प झाले. मुलगा तर आधींपासूनच गप्प होता.

‘बापजन्म’ पाहावयास हे तात्या आमच्या शेजारीं बसले होते. पंडितांचें सोंग सुरू झालें आणि ते पुटपुटले, “मेल्यावर येतील हें ठाऊकच आहे. त्याला सोंग कशाला?” आम्हीं चित्रपटांवरचे पुष्कळ लेख वाचले आहेत, इतक्या थोड्या शब्दांत इतकें नेमकें परीक्षण आमच्या वाचनांत नाहीं. त्यांच्या पत्नीचा, काकींचा, आक्षेप निराळा होता. त्या दाराशीं बसून तांदूळ निवडीत होत्या. चित्रपट संपल्यावर म्हणाल्या, “माफी बापलेक बघून घेतील. मधलीं वर्षं माझीं होतीं, त्यांचं कोण बघणार?” यावर आमच्या ओटीवर कोणालाच कांहीं बोलतां आलें नाहीं. आणि खरेंच, या प्रकारच्या बहुतेक कथांत हिशेब मिटतो तो बाप आणि मुलें यांच्यामध्यें. ज्या बाईनें दोन्ही बाजूंचें देणें इतकीं वर्षें अंगावर घेतलें तिची सही कोणी मागत नाहीं.

जिवंत बापाची, मरणाच्या मदतीवांचून रंगलेली गोष्ट चित्रपटांत करतां येतच नाहीं असें मात्र नव्हे. १९७९ सालीं अमेरिकेंत ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ निघाला. पांच ऑस्कर पारितोषिकें त्याला मिळालीं. कामांत बुडालेला एक नवरा, बायको घर सोडून जाते, आणि लहान मुलगा याच्या गळ्यांत पडतो. पहिल्या सकाळीं तो मुलासाठीं अंड्यांत बुडविलेला पाव भाजूं जातो आणि सगळ्या स्वयंपाकघराचा विध्वंस करतो. शेवटच्या सकाळीं तोच पदार्थ बापलेक मिळून करतात, एकही शब्द न बोलतां, एकमेकांच्या हाताखालीं हात घालून. त्या दोन सकाळींच्या मध्यें काय घडलें हें दुसऱ्या कशानेंही इतकें कळलें नसतें. तेथें त्याचें प्रायश्चित्त म्हणजे रोज उठून मुलाला खाऊं घालणें, एवढेंच. आमच्याकडे याच्या जवळ जाणारा चित्रपट म्हणजे संदीप सावंत यांचा २००४ सालचा ‘श्वास’. त्यांतील मुलगा कोंकणचाच. डोळ्याच्या कर्करोगामुळें त्याची दृष्टि शस्त्रक्रियेनें जाणार आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशीं आजोबा त्याला इस्पितळांतून बाहेर नेऊन जग दाखवितात. अरुण नलावडे यांच्या त्या आजोबांनीं कोणाचा अपराध केलेला नाहीं, त्यामुळें तेथें क्षमेचा प्रश्न नाहीं. पण हातीं एकच दिवस आहे आणि बोलून कांहीं होणार नाहीं, हें त्यांना जितकें कळतें तितकें आमच्या पश्चात्तापी बापांना कळत नाहीं.

तात्यांची गोष्ट या जातीची आहे, आणि म्हणूनच तिचा चित्रपट होणें कठीण आहे. त्यांनीं मुलापुढें कधीं भाषण केलें नाहीं. वयाच्या साठीच्या सुमारास काकी कांहीं दिवस डेरवणच्या रुग्णालयांत होत्या, त्या दिवसांत ते चुलीपाशीं बसले. ज्यांनीं जन्मभर खानावळींत खाल्लें त्यांना तांदळाची भाकरी येणार कशी? उकड नीट मळली गेली नाहीं कीं ती कांठाला फाटते. फाटलेल्या भाकऱ्या मुलानें मुकाट्यानें खाल्ल्या. काकी घरीं आल्या तरी सकाळची भाकरी तात्यांकडेच राहिली, आणि आज वाडींतल्या बायका त्यांच्या भाकरीला नांवें ठेवूं शकत नाहींत. पुढें नातू झाला. त्याला अंघोळ घालणें, शाळेंत पोंचविणें, ताप आला तर रात्र जागणें, जें जें मुलाच्या वांट्याला आलें नव्हतें तें सर्व नातवाच्या वांट्याला आलें. असें पाहतांना मुलाच्या मनाला बरें वाटत असेल कीं जुनें दुःख उलट चिघळत असेल? दोन्ही होत असावें. तो आम्हांला एकदां म्हणाला, “पोराचं नशीब चांगलं.” त्यांत समाधान होतें तसा कांटाही होता, आणि तो काढण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. बापानें बदलावें हें बापाच्या हातीं आहे. त्या बदलाची किंमत मुलानें कोणत्या भावानें लावावी हें बापाच्या हातीं नाहीं. ‘व्हेंटिलेटर’मधल्या प्रसन्नाला हा व्यवहार चार दिवसांत उरकावा लागतो. आमच्या शेजाऱ्याला चाळीस वर्षें मिळालीं आहेत, आणि अजून तो चालूच आहे.

बोलणें आजही बेताचेंच आहे. तात्या ऐंशीच्या घरांत आले, गुडघे धरतात. गेल्या उन्हाळ्यांत मुलानें खळ्यांतून ओटीवर चढावयाच्या पायऱ्या फोडून नव्या बांधविल्या. पूर्वीं दोन उंच पायऱ्या होत्या. त्यांच्या जागीं तीन बुटक्या झाल्या, आणि कडेला धरावयास एक नळी बसली. उंची किती ठेवावयाची हें मुलानें गवंड्याला स्वतः मापून दिलें होतें, असें गवंडी आम्हांला म्हणाला. तात्यांना हें कोणी सांगितलेलें नाहीं. ते रोज सकाळीं भाकऱ्या आटोपून त्या नळीला धरून खालीं उतरतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात कीं, गवंड्याला अक्कल नाहीं, दोहोंत भागत असतां त्यानें तिसरी पायरी घालून सिमेंट फुकट घालविलें.